उज्जैनच्या पोटात स्थानक कुठे खणावं?

२०२०च्या डिसेंबरात उज्जैनला महाकालेश्वर मंदिरासमोर विस्ताराचं खोदकाम चालू होतं. काही मीटर खाली गेल्यावर यंत्रांना कोरीव दगड लागले. काम थांबलं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं आली आणि पुढच्या वर्षी त्याच आवारात परमारकालीन मंदिराचे अवशेष आणि भग्न मूर्ती उजेडात आल्या. आज आपण ज्या मंदिरात दर्शन घेतो ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलं. त्याआधीचं मंदिर १२३५च्या सुमारास इल्तुतमिशच्या स्वारीत पाडलं गेलं होतं. महाकालाच्या अंगणात उभं राहणाऱ्याच्या पायाखाली आणखी एक मंदिर आहे, हे तोवर पोथ्यांतून माहीत होतं. त्या खोदकामाने ते डोळ्यांना दिसलं.

हे आत्ताच आठवण्याचं कारण मेट्रो. इंदूरची मेट्रो ३१ मे २०२५ रोजी, अहिल्याबाई होळकरांच्या तीनशेव्या जयंतीला, पहिल्या छोट्या टप्प्यावर धावू लागली. तिथून पुढे उज्जैनपर्यंत मार्ग नेण्याचा मध्य प्रदेश सरकारचा मानस आहे आणि त्याच्या अभ्यासाचं काम दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनकडे सोपवलेलं आहे. इंदूरच्या लवकुश चौकातून निघणारी ही गाडी मोकळ्या माळव्यातून खांबांवरून येईल आणि उज्जैनच्या वस्तीत शिरताना तिला जमिनीखाली न्यावं, असा विचार चालू आहे. रस्ते अरुंद, घरं दाटीची आणि वर महाकालाची गर्दी. तेव्हा खालून जावं हे सहज सुचतं आणि ते चुकीचंही नाही.

पण भूमिगत मार्गाची चर्चा सुरू झाली की लोक बोगद्याबद्दल बोलतात. बोगदा केवढा, कुठल्या घराखालून जाणार, यंत्र किती मोठं. माझ्या मते जुन्या शहराच्या दृष्टीने बोगदा हा प्रश्नाचा सोपा भाग आहे. बोगदा इतिहासाच्या खालून जातो. स्थानक मात्र इतिहासातून आरपार खणावं लागतं. प्रवाशाला रस्त्यावरून फलाटापर्यंत उतरायचं असेल, तर मधले सगळे थर फोडल्याशिवाय वाट होत नाही. म्हणून उज्जैनच्या बाबतीत खरा निर्णय एकच आहे: जमीन कुठे उघडायची?

आधी गाडीचं पाहू. शहरी रेल्वेत दोन घराणी आहेत. एक मेट्रो: लांब गाडी, उंच फलाट, रस्त्यापासून पूर्ण वेगळा मार्ग. दुसरं लाइट रेलचं. ही ट्रामची सुधारलेली बहीण. डबे हलके, गाडी आखूड, गरज पडेल तिथे रस्त्यावरून आणि गरज पडेल तिथे भुयारातून धावणारी. भारत सरकारने २०१९मध्ये अशाच हलक्या गाडीसाठी ‘मेट्रोलाइट’ नावाने मानकं जाहीर केली. एका दिशेने तासाला साधारण पंधरा हजारांपर्यंत प्रवासी असतील अशा शहरांसाठी ती आहेत. नाशिकसाठी त्याहून हलकी, टायरवर धावणारी ‘मेट्रो निओ’ आखली गेली, २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिला पैसेही दाखवले गेले, पण ती उभी राहिली नाही. माळव्याला हलक्या गाडीची ओळख जुनी आहे. शिंद्यांच्या संस्थानाने उज्जैन ते आगर अशी अरुंद रुळांची छोटी गाडी चालवली होती. स्वातंत्र्यानंतरही ती अनेक वर्षं चालली. सत्तरच्या दशकात तिचे रूळ उखडले गेले.

लाइट रेलचं मध्यवस्तीतलं भूमिगत स्थानक कसं असतं, हे पाहायला थेट मुळाशी जाता येतं. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराच्या ऐन मध्यात, ट्रेमाँट रस्त्याखाली, १ सप्टेंबर १८९७ रोजी ट्राम भुयारात उतरली. पार्क स्ट्रीट आणि बॉयल्स्टन ही तिथली दोन स्थानकं आजही चालू आहेत. रस्त्यावर ट्रामांची इतकी दाटी झाली होती की माणसाला चालायला जागा उरेना, म्हणून त्यांना खाली घालण्यात आलं. ही स्थानकं अगदी उथळ आहेत. एक जिना उतरलं की फलाट. ट्राम कमी जागेत वळते, त्यामुळे भुयारही वरच्या रस्त्याला धरून वळलं. बॉयल्स्टनच्या त्या तीव्र वळणावर चाकं अजून किंचाळतात.

उथळ स्थानकाचे फायदे उघड आहेत. खर्च कमी, उतरायला सोपं, म्हाताऱ्या माणसाला सरकत्या जिन्यावर अवलंबून राहावं लागत नाही, आणि आग लागली तर बाहेर पडायला वेळ लागत नाही. पण बॉस्टनला हे उथळ भुयार खणताना बागेच्या कडेला जुनं दफनस्थान लागलं आणि सुमारे नऊशे माणसांचे अवशेष उचलून दुसरीकडे पुरावे लागले. ते शहर तेव्हा जेमतेम पावणेतीनशे वर्षांचं होतं. उज्जैन अडीच हजार वर्षांहून जुनं आहे. इथे वरच्या आठ-दहा मीटरांत काय असेल, याचा अंदाज महाकालाच्या अंगणाने दिलेला आहे. दुसऱ्या शहरात जो लाइट रेलचा गुण, तो उज्जैनच्या जुन्या भागात दोष ठरतो. कारण उथळ म्हणजे नेमकं इतिहासाच्या थरात.

स्थानक खणतात कसं, हे समजून घ्यायला मराठी माणसाला लांब जायला नको. पुण्यात शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट अशी पाच भूमिगत स्थानकं आता वापरात आहेत. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा पेठांच्या खालचा तुकडा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. बोगदे खोदणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना ही नद्यांची नावं दिली होती. ही यंत्रं खाली उतरवायला प्रचंड मोकळी जागा लागते. पुण्यात ती कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर आणि स्वारगेटला मिळाली. तिथून यंत्र खाली गेलं आणि पेठांच्या, मुठा नदीच्या तळातून कातळ कापत पुढे सरकलं. वरच्या बहुतेक पुणेकरांना ते गेलेलं कळलंही नाही.

कळलं ते स्थानकांच्या जागी. तिथे जमिनीला वरून चौकोनी तोंड पाडतात. आधी खड्ड्याच्या चारी कडांना काँक्रीटचे खांब किंवा भिंत जमिनीत खोलवर उतरवतात, म्हणजे बाजूची माती आत कोसळत नाही. मग आतली माती आणि खडक काढत खाली जातात. प्रत्येक टप्प्यावर भिंतींना आडव्या तुळयांचे किंवा खडकात रुतवलेल्या सळयांचे आधार देतात. तळ गाठला की तिथून काँक्रीटची मोठी पेटी वर बांधत येतात: सगळ्यात खाली फलाट आणि रूळ, त्यावर तिकिटांचा मजला, त्यावर छत, छतावर पुन्हा माती आणि रस्ता. कधी क्रम उलटा करतात. छत आधी घालून रस्ता मोकळा करून देतात आणि त्याखाली खोदत जातात. दाट बाजारात ही उलटी पद्धत लोकांना कमी छळते. मेट्रोच्या गाडीसाठी अशी पेटी दीड-दोनशे मीटर लांब आणि वीस मीटरच्या वर रुंद होते. जिल्हा न्यायालयाचं स्थानक तर सुमारे ३३ मीटर खोल आहे.

आणि पेटीवरचा रस्ता पूर्ववत झाला तरी स्थानक जमिनीवर दिसत राहतंच. दोन ते चार जिने, लिफ्टची खोली, हवा आत घेणारे आणि बाहेर टाकणारे मनोरे, वातानुकूलनाची यंत्रणा, अग्निशमन दलाला आत शिरायची वेगळी वाट, वीज गेल्यावर चालणारं जनित्र. एखाद्या चौकात हे सगळं मांडायचं म्हणजे त्या चौकाचा चेहरा बदलतो. गोपाळ मंदिरासमोरच्या छत्री चौकात हे मनोरे उभे आहेत, असं चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावं. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं ते मंदिर, त्यासमोरचा बाजार, संध्याकाळी दिवे लागल्यावरची त्या जागेची शोभा. तिथे एक मनोरासुद्धा जास्त आहे.

आता जमिनीकडे येऊ. पुणे, मुंबईचा बराच भाग आणि माळव्याचं बहुतेक पठार एकाच दख्खनी बेसॉल्टवर उभं आहे. लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला काळा कातळ. हा कातळ बोगद्याला चांगला, कारण तो स्वतःचा भार स्वतः पेलतो. पण त्यातल्या भेगांमधून आणि दोन थरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यांतून पाणी वाहतं. उज्जैनमध्ये या कातळावर काळी माती आहे आणि नदीकडे क्षिप्रेने आणून टाकलेला गाळ. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. माळव्यातल्या जुन्या घरांच्या भिंतींना तिरप्या भेगा का जातात ते इथल्या प्रत्येक गवंड्याला ठाऊक आहे.

स्थानकाचा खड्डा कोरडा ठेवायला आतलं पाणी सतत उपसावं लागतं. ते उपसलं की आसपासच्या जमिनीतली पातळीही खाली जाते, माती आकसते आणि खड्ड्यापासून लांबच्या घराचाही कोपरा खचू शकतो. यावर उपाय आहेत. उपसलेलं पाणी बाजूच्या विहिरींतून परत जमिनीत सोडतात, पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळ्या बसवतात, प्रत्येक घराच्या भिंतीवर खचण्याच्या खुणा आणि भेगांवर मापपट्ट्या लावतात. काम सुरू होण्याआधी प्रत्येक घराची छायाचित्रांसह नोंद करतात, म्हणजे भेग आधीची की नंतरची यावर वाद राहत नाही. ही नोंद घरमालकाच्या हातात असली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. मातीच्या गाऱ्यातल्या, लाकडी खांबांच्या वाड्यात राहणाऱ्या माणसाला त्या कागदाशिवाय दुसरा आधार नसतो.

काम बिघडलं तर काय होतं ते कोलकात्याने पाहिलं आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बहूबाजार भागात बोगद्याच्या यंत्राने पाण्याने भरलेला थर फोडला. पाणी आणि गाळ बोगद्यात घुसला, वरची जमीन बसली, जुनी घरं कोसळली आणि शेकडो माणसांना एका दिवसात घर सोडावं लागलं. त्याच भागात २०२२मध्ये पुन्हा घरांना तडे गेले. बहूबाजार गंगेच्या गाळावर आहे आणि उज्जैनचा कातळ त्याहून कितीतरी भरवशाचा. पण उज्जैनमध्येही कातळ आणि गाळ यांची सीमा शहराच्या खालूनच जाते, आणि नदीकडे सरकावं तसा गाळाचा वाटा वाढतो. महाकाल, हरसिद्धी, रामघाट हे सगळं त्याच बाजूला आहे.

पाण्याचा दुसरा खेळ स्थानक बांधून झाल्यावर सुरू होतो. जमिनीखालची रिकामी पेटी भूजलात बुडालेली असते, आणि रिकामी कळशी विहिरीत दाबून धरली की ती जशी वर उसळते तसा या पेटीवर खालून दाब येतो. म्हणून तिचा तळ मुद्दाम जाड करतात, कधी तो खडकात नांगरून ठेवतात, कधी भिंती बाहेरच्या मातीत रुतवून त्या मातीचं वजन कामाला लावतात. पावसाळ्यात क्षिप्रा चढते, रामघाटावरची लहान मंदिरं पाण्याखाली जातात, तेव्हा शहराखालच्या पाण्याची पातळीही वर येते. त्या दिवसांचा हिशेब आराखड्यात धरावा लागतो.

आणि वरून येणारं पाणी वेगळंच. मुंबईत मेट्रो-३ पूर्ण भूमिगत म्हणावी अशी आहे. साडेतेहतीस किलोमीटरांच्या मार्गात एक स्थानक सोडलं तर बाकी सगळी जमिनीखाली. २६ मे २०२५ला पाऊस लवकर आला आणि आचार्य अत्रे चौक स्थानकात, अजून बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गाकडून, पाणी शिरलं. स्थानक सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. गाड्या वरळीपर्यंतच चालवाव्या लागल्या. बोगद्याला काही झालं नव्हतं; उणीव राहिली ती जमिनीवर उघडणाऱ्या तोंडापाशी. भूमिगत स्थानकाचा उंबरठा रस्त्यापेक्षा उंच ठेवतात, दोन-चार पायऱ्या चढून मग उतरायला लावतात, ते याचसाठी. क्षिप्रेकाठी तो उंबरठा किती उंच हवा, हे पुराच्या जुन्या खुणा पाहून ठरवावं लागेल.

आता त्या थरांकडे, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. प्राचीन उज्जयिनीचं मुख्य ठिकाण आजच्या शहराच्या उत्तरेला, गढकालिका मंदिराच्या परिसरात आहे. तिथे पहिलं शास्त्रीय उत्खनन ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांनी १९३०च्या दशकात केलं. १९५०च्या दशकात एन. आर. बॅनर्जी यांनी ते पुढे नेलं. इसवीसनपूर्व पहिल्या सहस्रकाच्या मध्याआधीची वस्ती, भोवती मातीचा प्रचंड तट, तटाबाहेर खंदक आणि नदीच्या माऱ्यापासून तट राखायला रचलेले लाकडी ओंडके त्यांना सापडले. म्हणजे क्षिप्रेच्या पाण्याशी झगडण्याचं स्थापत्य या शहरात अडीच हजार वर्षं चालू आहे. पुढे वस्ती दक्षिणेकडे सरकली. महाकालाजवळचं चौबीस खंबा हे जुन्या मंदिर-परिसराचं प्रवेशद्वार मानतात. त्याच्या खांबांचा पायथा आणि आजचा रस्ता यांच्याकडे लक्ष देऊन पाहिलं की गाव थरांनी कसं उंचावत जातं ते समजतं.

उज्जैनमध्ये राहून या थरांवर आयुष्य वेचलेला एक मराठी माणूस म्हणजे विष्णु श्रीधर वाकणकर. भीमबेटकाच्या चित्रगुहा १९५७मध्ये त्यांनी जगापुढे आणल्या हे बहुतेकांना माहीत असतं. पण उज्जैनपासून जवळच्या कायथा गावी त्यांनी १९६०च्या दशकात ताम्रपाषाण संस्कृतीचा चार हजार वर्षांपूर्वीचा थर उघड केला, ते काम माझ्या दृष्टीने तितकंच मोलाचं. कायथ्याने दाखवलं की या पठारावरचं साधं दिसणारं पांढरीचं टेकाड हेसुद्धा एक ग्रंथालय आहे.

पुण्यातही मेट्रोच्या खड्ड्यांनी असं काही दाखवलंच. २०१९मध्ये स्वारगेटला खोदताना जुना भूमिगत जलमार्ग सापडला. पेशवाईत कात्रजहून नळाने पाणी आणणाऱ्या शहराच्या पोटात तो निघणं स्वाभाविक होतं.

याची सगळ्यात मोठी कसोटी ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरात झाली. तिथे मेट्रोचं काम २००६मध्ये सुरू झालं. शहराच्या मध्यावरच्या वेनिझेलू स्थानकाच्या जागी खणताना बायझंटाइन काळातला संगमरवरी फरसबंदीचा राजरस्ता आणि त्याच्या कडेची दुकानं जशीच्या तशी निघाली. ठेवावं की हलवावं यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं, प्रकरण न्यायालयांत गेलं. शेवटी तो रस्ता तुकड्यातुकड्यांनी उचलला, खाली स्थानक बांधलं आणि रस्ता परत आणून स्थानकाच्या आत बसवला. गाडी धावली ३० नोव्हेंबर २०२४ला, अठरा वर्षांनी. पूर्ण मार्गावर तीन लाखांहून अधिक वस्तू मिळाल्या. अथेन्सने हेच आधी, अधिक शहाणपणाने केलं होतं. तिथल्या सिंटाग्मा स्थानकात मातीचा उभा छेद काचेमागे ठेवला आहे. गाडी पकडायला धावणारा माणूस आपल्या शहराची शतकं बाजूने जाताना पाहतो. मोनास्तिराकी स्थानकात एरिडानोस ही झाकली गेलेली जुनी नदी उघडी करून दाखवली आहे.

ही उदाहरणं ऐकून कोणी म्हणेल, मग महाकालापाशीच स्थानक करा, सापडेल ते काचेत ठेवा. मला हे पटत नाही. अथेन्समध्ये पुरातत्त्वज्ञांना खणायला वर्षं दिली गेली. उज्जैनपुढे २०२८चा सिंहस्थ आहे, आणि घाईत केलेलं उत्खनन म्हणजे थरांची नासाडी. एकदा उचललेला थर परत रचता येत नाही. वस्तू संग्रहालयात जातात, पण कुठली वस्तू कशाच्या वर आणि कशाच्या खाली होती हे ज्ञान कायमचं हरवतं.

सिंहस्थाचा विचार गर्दीच्या अंगानेही करायला हवा. असं मानतात की उज्जैनचा सिंहस्थ आजच्या रूपात उभा राहिला तो राणोजी शिंद्यांनी अठराव्या शतकात नाशिकच्या साधूंना इथे बोलावल्यापासून. महाशिवरात्र, श्रावणी सोमवारची सवारी, वर्षातून एकदाच नागपंचमीला उघडणारं नागचंद्रेश्वर, हे तर दर वर्षीचं. अशा दिवशी माणसं धारेने येत नाहीत, लोंढ्याने येतात. भूमिगत स्थानकाचा आराखडा करताना जगभर एक कसोटी वापरतात: आपत्तीत फलाट चार मिनिटांत रिकामा झाला पाहिजे आणि शेवटचा माणूस सहा मिनिटांत सुरक्षित जागी पोहोचला पाहिजे. यावरून जिन्यांची रुंदी आणि संख्या ठरते. पण जिना जिथे बाहेर उघडतो तिथली गल्लीच माणसांनी भरलेली असेल, तर ती सहा मिनिटं कागदावरच राहतात. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली. पुलाची वाट अरुंद होती.

पुण्याने गणेशोत्सवात याचा बरा धडा घालून दिला आहे. २०२५च्या उत्सवात कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्थानकं जवळजवळ असल्याचा उपयोग करून उतरायला एक आणि परतायला दुसरं वापरा, असं आवाहन केलं गेलं, आणि अनंत चतुर्दशीपासून गाड्या सलग ४१ तास चालवल्या. गर्दी एका दिशेने वाहती ठेवायची, तिला उलटं फिरू द्यायचं नाही. यात्रेच्या गावात जुनी माणसं प्रदक्षिणेचा मार्ग असाच आखत आली आहेत. महाकालाचा गाभारा स्वतः जमिनीच्या पातळीखाली आहे. भाविक पायऱ्या उतरून ज्योतिर्लिंगापाशी जातात, त्या उतरणीला गर्दी सांभाळायला किती कष्ट पडतात हे तिथे रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. त्याच्या शेजारी आणखी एक उतरण, तीही गाडीगणिक शेकडो माणसं वर सोडणारी, नको.

मग कुठे? उज्जैन जंक्शनच्या पूर्वेला फ्रीगंज आहे, म्हणजे माधवनगर. माधवराव शिंद्यांच्या काळात आखलेली ही नवी वस्ती; रस्ते सरळ आणि रुंद, टॉवर चौक ऐसपैस. शहराचा आजचा व्यापार आणि कचेऱ्या इथेच आहेत. पश्चिमेला देवास गेटापासून जुनं शहर सुरू होतं. मला वाटतं, भूमिगत स्थानक जंक्शनच्या आसपास किंवा फ्रीगंजमध्ये व्हावं आणि त्याच्या पश्चिमेला एकही खड्डा पडू नये. तिथून रेल्वेचा प्रवासी, बसचा प्रवासी आणि शहरातला नोकरदार, तिघांची सोय होते. महाकाल तिथून दोनेक किलोमीटरांच्या आत आहे. रेल्वे स्थानकापासून महाकालापर्यंत सुमारे पावणेदोन किलोमीटरांचा रोपवे केंद्राच्या पर्वतमाला योजनेत आखलेला आहे. तो मोजक्या खांबांवरून, जमीन फारशी न उघडता जातो. ई-रिक्षा आहेत. आणि पाय आहेत. देवास गेटाकडून गोपाळ मंदिराच्या बाजाराने महाकालाकडे चालत जाणं ही या शहरातली सगळ्यात सुंदर वाट आहे. फुलं, पितळ, मिठाई, जुन्या वाड्यांचे सज्जे, मधूनच एखाद्या दारावर मराठी आडनाव. या वाटेवरच्या दुकानदाराचं पोट चालणाऱ्या माणसावर आहे. यात्रेकरूला थेट मंदिराच्या दारात वर काढणारं स्थानक त्याच्या दुकानावरून माणूस नाहीसा करील. शिवाय दोन किलोमीटर चालता चालता गर्दी आपोआप पातळ होते, दारावर एकदम आदळत नाही.

इंदूरकरांना हा प्रश्न आधीच पडला आहे. तिथल्या भूमिगत टप्प्यात राजवाड्याजवळ स्थानक आखलेलं आहे, आणि भुयार कुठून सुरू व्हावं, बाजाराचं काय होईल, यावर व्यापारी, रहिवासी आणि लोकप्रतिनिधी यांच्यात वाद झाले. राजवाडा १९८४च्या दंगलीत जळाला होता आणि पुढे जुन्या पद्धतीने पुन्हा उभा केला गेला, त्यामुळे त्या जागेबद्दल इंदूरकर हळवे आहेत आणि ते योग्यच आहे. उज्जैनला एक सवड मिळालेली आहे. तिथे अजून रेघ कागदावर आहे.

त्या रेघेवर पहिलं काम होतं ते भूगर्भ तपासणीचं. ठरावीक अंतरावर विंधन भोकं घेतात, नळीतून माती आणि खडकाचा सलग गाभा वर काढतात आणि तो लांब पेट्यांमध्ये खोलीच्या क्रमाने मांडून ठेवतात. अभियंत्याला कातळ किती खोल आहे आणि पाणी कुठे लागतं हे हवं असतं. वरचे काही मीटर तो ‘भराव’ असं लिहून पुढे जातो, कारण त्याच्या कामाला ते निरुपयोगी असतात. उज्जैनच्या त्या भरावात खापराचे तुकडे असतील, राखेचे पट्टे असतील, विटांचा चुरा असेल. ज्या विक्रम विद्यापीठात वाकणकरांनी काम केलं, तिथे प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्वाचा विभाग आजही आहे. त्या विभागातली दोन माणसं त्या पेट्यांपाशी बसवली, आणि ‘भराव’ या एका शब्दाच्या जागी त्यांनी पाहिलेले थर खोलीसह लिहिले, तर स्थानकाची जागा कायम होण्याआधीच शहराखाली काय आहे याचा नकाशा तयार होईल. भोकं तर घ्यावीच लागणार आहेत. जास्तीचा खर्च येईल तो त्या दोन माणसांच्या वेळाचा.